ट्रॅक्टरच्या रेडिएटरातील कूलंट घरच्या घरी बदलण्याची रीत

उन्हाळी नांगरट आटोपून रोटाव्हेटरची पाळी घालण्याची घाई सुरू होते, त्या दिवसांत हवेचे उष्णतामान 40 अंश सेल्सिअसच्या वर असते आणि ट्रॅक्टर दहा-दहा, बारा-बारा तास पूर्ण भाराखाली चालत असतो. नेमक्या याच दिवसांत ‘इंजिन तापले’, ‘रेडिएटर उकळला’, ‘हेड गॅस्केट गेले’ अशा तक्रारी कानी येऊ लागतात. मिरगाच्या तोंडावर ट्रॅक्टर आठ दिवस दुरुस्तीला पडला, तर वाफसा काही त्याच्यासाठी थांबून राहत नाही. अशा तापलेल्या इंजिनांची तपासणी केली असता पुष्कळदा असे आढळून येते की, बिघाडाचे मूळ इंजिनाच्या घडणीत नसून ते विहिरीवरून आणलेल्या बादलीत आहे. रेडिएटरात कोणते पाणी घातले जाते, त्यात कूलंट आहे की नाही, आणि असल्यास तो शेवटी कधी बदलला, या तीन प्रश्नांची उत्तरे फार थोड्या मालकांना देता येतात. वास्तविक हे काम घरच्या अंगणात, अर्ध्या दिवसात व साध्या हत्यारांनी होण्यासारखे आहे. येथे सांगितलेली रीत ट्रॅक्टरची असली, तरी जीप किंवा मोटारगाडीलाही ती थोड्या फरकाने लागू पडते.

डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारणपणे एक-तृतीयांश उष्णतेचेच उपयुक्त कामात रूपांतर होते. सुमारे तेवढीच उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली बव्हंशी पाण्याच्या द्वारे बाहेर टाकावी लागते. म्हणजे जेवढी शक्ती नांगर ओढण्यात खर्च होते, जवळजवळ तेवढीच उष्णता रेडिएटरला हवेत सोडावी लागते. सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून पाणी फिरते, तापते, थर्मोस्टॅट नावाच्या झडपेतून रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि पंपाच्या जोराने पुन्हा इंजिनात जाते. या फेऱ्यात कोठेही अडथळा आला की उष्णता साचू लागते.

पाण्याचा दोष

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकातून झिरपणाऱ्या विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही व साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी होय. चहाच्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तोच थर इंजिनाच्या आत सिलिंडरभोवती धरतो; फरक एवढाच की पातेले घासता येते आणि इंजिनाचा आतला भाग दिसतही नाही. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, तेथील पाण्यात मिठाचाही अंश मोठा असतो. असे पाणी थर तर धरतेच, शिवाय ते लोखंड व अॅल्युमिनियम खाते. त्या भागातील शेतकऱ्यांनी विहिरीचे पाणी रेडिएटरात घालणे म्हणजे जाणूनबुजून गंज पेरण्यासारखे आहे.

हा क्षारांचा थर उष्णतेच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. बिडाच्या लोखंडातून जितक्या सुलभतेने उष्णता वाहते, त्याच्या विसाव्या हिश्शानेही ती या थरातून वाहत नाही. त्यामुळे डॅशबोर्डावरचा काटा पाण्याचे उष्णतामान ठीक दाखवीत असताना सिलिंडरची भिंत मात्र जागोजागी प्रमाणाबाहेर तापलेली असते. हेड वाकणे, गॅस्केट जळणे, पिस्टन चिकटणे हे त्याचेच परिणाम होत. रेडिएटरच्या नळ्या मुळात इतक्या अरुंद असतात की त्या गंजाच्या चिखलाने पुरत्या बुजतात. काही जुन्या ट्रॅक्टरांची खालची तोटी उघडली असता थेंबही बाहेर येत नाही. आत तार घालून ढवळल्यावर विटकरी रंगाचा गाळ तेवढा पडतो. त्या गाळातून पाणी फिरावे अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

डिझेल इंजिनांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे आणि त्याची माहिती फारच थोड्यांना असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत लायनरची बाहेरची बाजू प्रत्यक्ष पाण्यात बुडालेली असते. त्यास ओला लायनर म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना लायनरच्या भिंतीवर मिनिटाला हजारो वेळा आदळतो व भिंत कंप पावते. त्या कंपनाने पाणी क्षणमात्र भिंतीपासून सुटते, तेथे वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूवर जणू बारीक हातोडीचा घाव बसतो. अशा असंख्य घावांनी लायनरवर वाळवी लागलेल्या लाकडासारखी भोके पडतात आणि अखेरीस पाणी तेलाच्या टाकीत उतरते. कूलंटातील गंजरोधक द्रव्ये लायनरवर एक पातळ संरक्षक पापुद्रा धरतात व तो झिजला की पुन्हा धरतात. साध्या पाण्यात, मग ते कितीही शुद्ध असो, हा गुण नाही.

कूलंट म्हणजे काय

बाजारात मिळणारे बहुतेक कूलंट एथिलीन ग्लायकॉल या द्रवापासून बनवितात व त्यात गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. ‘हा पदार्थ बर्फाच्या मुलखासाठी आहे, आपल्याकडे पाणी कोठे गोठते?’ असा प्रश्न पुष्कळजण करतात. प्रश्न वाजवी आहे. निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी यांचे मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठते हे खरे, आणि त्या गुणाचा आपणास काही उपयोग नाही हेही खरे. परंतु तेच मिश्रण उघड्या भांड्यात 100 ऐवजी सुमारे 107 अंशांना उकळते. आणि गंज, थर व लायनरची भोके यांपासून जे संरक्षण मिळते ते तर उष्ण मुलखातच अधिक मोलाचे आहे.

तथापि, थोडे चांगले तर अधिक फार चांगले, हा हिशेब येथे चालत नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. पाणी न मिसळता घट्ट कूलंट भरला, तर इंजिन उलट अधिक तापते. निर्मात्याच्या पुस्तकात जे प्रमाण दिले असेल तेच पाळावे. बहुधा ते निम्मे-निम्मे असते. कोठे कोठे एक भाग कूलंट व दोन भाग पाणी असे असते. त्याहून पातळ केल्यास गंजरोधक द्रव्ये अपुरी पडतात.

खरेदी करताना डब्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. डब्यातील द्रव घट्ट आहे की आधीच पाणी मिसळून तयार केलेला आहे, ही पहिली. तो कोणत्या मानकास उतरतो, ही दुसरी. भारतीय मानक 5759 चा उल्लेख अनेक डब्यांवर असतो. रंगावर मात्र विसंबू नये. हिरवा, निळा, गुलाबी, नारिंगी हे रंग निर्माता आपल्या मर्जीने घालतो, त्यावरून जात ओळखता येत नाही. भिन्न जातींचे कूलंट एकमेकांत मिसळल्यास गंजरोधक द्रव्ये निकामी होतात व कधीकधी चिकट साका बसतो. आत काय आहे याची खात्री नसेल, तर सर्व काढून, धुऊन, नवे भरणे हाच मार्ग होय. जुन्या पद्धतीचा कूलंट साधारणपणे दोन वर्षांनी बदलावा लागतो. सेंद्रिय आम्लांवर आधारलेला पाच वर्षांपर्यंत टिकू शकतो. ट्रॅक्टरच्या पुस्तकात कामाचे तास दिले असल्यास तास किंवा वर्षे यांपैकी जे आधी भरेल ते धरावे.

मिसळण्याचे पाणी ऊर्ध्वपातित असावे, म्हणजे बॅटरीत घालतात ते. गावात आर. ओ. यंत्र असल्यास तेथील पाणी चालेल. आणि कोकणात किंवा कोठेही, पहिले दोन-चार पाऊस होऊन स्वच्छ धुतल्या गेलेल्या पत्र्यावरून धरून ठेवलेले पावसाचे पाणी या कामास उत्तम. त्यास दामही पडत नाहीत.

जुना द्रव काढणे

हे काम सकाळी, इंजिन रात्रभर निवल्यानंतरच हाती घ्यावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. हे झाकण केवळ टोपण नव्हे. त्यातील स्प्रिंग आतला दाब वाढवून ठेवते. दाब एका वातावरणाने वाढला म्हणजे 100 अंशांवर उकळणारे पाणी 120 अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण उघडताच हा दाब एकदम नाहीसा होतो, 110 अंशांवर असलेले पाणी तत्क्षणी उकळून वाफेसह कारंज्यासारखे उसळते आणि वाकून पाहणाऱ्याचे तोंड, डोळे व छाती भाजून निघते. जाड फडके धरून उघडण्याची जी पद्धत आहे तीही धोक्याची आहे. शेतात इंजिन उकळले तर भार काढून, शक्य असल्यास काही मिनिटे मंद गतीने चालवून मग बंद करावे, आणि वरचा रबरी पाइप हाताला सोसेल इतका निवेपर्यंत, तासभर लागला तरी, थांबावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेड किंवा ब्लॉक तडकतो. त्या एका बादलीची किंमत फार मोठी असते.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक लावावा व चाकांना दगड द्यावेत. हातमोजे व चष्मा घालावा. प्रथम वरचे झाकण काढावे, नंतर रेडिएटरच्या तळाच्या तोटीखाली रुंद घमेले ठेवून तोटी उघडावी. तोटी नसल्यास खालच्या रबरी पाइपाची क्लिप सैल करून तो ओढावा. एवढ्यावर बहुतेकजण थांबतात. परंतु पुष्कळसा द्रव इंजिनाच्या ब्लॉकमध्ये राहिलेला असतो. ब्लॉकच्या बाजूस खाली एक वेगळा बूच किंवा लहान तोटी असते. ती पुस्तकात पाहून शोधावी व उघडावी. बाजूच्या जादा द्रवाच्या बाटलीतील उरलेला द्रवही काढून टाकावा. जो द्रव निघाला तो मोजून ठेवावा, पुढे भरताना त्या आकड्याचा उपयोग होतो.

निघालेल्या द्रवाकडे नीट पाहावे. तो स्वच्छ व रंगीत असेल तर इंजिनाची आतली अवस्था बरी आहे. विटकरी असेल तर गंज आहे. त्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा तेलाची पट्टी काढून पाहता इंजिनतेल दुधाळ दिसत असेल, तर पाणी व तेल कोठेतरी एकत्र येत आहेत. अशा वेळी नवा कूलंट भरण्यात पैसा घालवू नये. ते काम मिस्त्रीचे आहे.

धुणे

तोट्या बंद करून साधे स्वच्छ पाणी भरावे, झाकण लावून इंजिन चालू करावे आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत म्हणजे वरचा पाइप गरम होईपर्यंत चालवावे. थर्मोस्टॅट उघडला नाही तर रेडिएटर धुतला जातो, इंजिन धुतले जात नाही. मग बंद करून पुरते निवू द्यावे व पाणी काढावे. पाणी निर्मळ येईतो हे दोन-तीन वेळा करावे. मधला निवण्याचा वेळ कंटाळवाणा असतो खरा. तो पंख्याचा पट्टा व रबरी पाइप तपासण्यात घालवावा. दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण एक-सव्वा सेंटिमीटर दबावा. पाइप दाबून पाहता तडे दिसले किंवा तो फुगलेला लागला तर आताच बदलावा.

गंज व थर जाड असेल तर रेडिएटर धुण्याचे तयार द्रावण मिळते, ते डब्यावरील सूचनेप्रमाणे वापरावे. ते न मिळाल्यास सायट्रिक आम्ल, ज्यास बाजारात लिंबाचे फूल म्हणतात, दर लिटर पाण्यास 50 ग्रॅमच्या आत घेऊन, अर्धा तास इंजिन चालवून काढून टाकावे व नंतर साध्या पाण्याने दोन वेळा अधिक धुवावे. संडास धुण्याचे आम्ल किंवा कॉस्टिक सोडा कदापि घालू नये. पहिले लोखंड खाते आणि दुसरा अॅल्युमिनियम. आजच्या अनेक गाड्यांचे रेडिएटर अॅल्युमिनियमचेच असतात. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फार जुन्या रेडिएटरात कधीकधी गंजाच्या खपलीनेच भोक बुजलेले असते आणि ती निघताच गळती सुरू होते. तो दोष धुण्याने निर्माण होत नाही, केवळ उघड होतो. परंतु पेरणीच्या आदल्या दिवशी तो उघड होऊ नये म्हणून हे काम हंगाम संपल्यावर, निवांतपणी करावे.

बाहेरून रेडिएटर धुण्याचे विसरू नये. मळणीयंत्रावर चाललेल्या ट्रॅक्टरच्या जाळीत भुसा, उसाच्या शेतात पाचटाचा चुरा, कापसाच्या रानात तूस अडकून वारा बंद होतो. वारा समोरून आत येतो, म्हणून पाण्याची किंवा हवेची फवारणी पंख्याच्या बाजूने बाहेर करावी आणि जोर बेताचा ठेवावा, अन्यथा पातळ पट्ट्या दुमडतात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याविषयी

इंजिन तापते अशी तक्रार केली की काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढून फेकून देतात आणि मालकही ‘आता तापत नाही’ म्हणून समाधान मानतो. हा उपाय प्रस्तुत लेखकास मुळीच मान्य नाही. थर्मोस्टॅट साधारण 80 ते 88 अंशांना उघडतो, कारण त्या उष्णतामानावरच डिझेल नीट जळते. तो नसल्यास इंजिन थंड राहते, अर्धवट जळलेले डिझेल लायनरवरचे तेल धुऊन नेते, लायनर व रिंगा झिजतात, डिझेल जास्त लागते. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा. त्याची परीक्षा सोपी आहे. पातेल्यातील पाण्यात तो दोरीने टांगून पाणी तापवावे. उकळी फुटण्यापूर्वी तो उघडला आणि निवताना मिटला, तर तो चांगला आहे.

नवा द्रव भरणे

येथे एक हिशेबाची चूक वारंवार होते. समजा, पुस्तकाप्रमाणे एकंदर 10 लिटर द्रव मावतो आणि शेवटच्या धुण्यानंतर 7 लिटरच पाणी बाहेर आले. तर 3 लिटर अद्याप इंजिनाच्या कोनाकोपऱ्यात आहे. अशा वेळी निम्मे-निम्मे केलेले तयार मिश्रण 7 लिटर ओतले, तर आत कूलंटाचे प्रमाण 50 टक्के नव्हे, 35 टक्केच होते. म्हणून घट्ट कूलंट घेऊन एकूण मापाच्या निम्मा, म्हणजे 5 लिटर, आधी ओतावा आणि उरलेली जागा 2 लिटर शुद्ध पाण्याने भरावी. हाच विचार करता शेवटचे धुणे विहिरीच्या पाण्याने न करता शुद्ध पाण्याने करावे, कारण त्याचा काही भाग आत राहणारच.

तोट्या व बुचे घट्ट करून द्रव सावकाश ओतावा. घाईने ओतल्यास हवा अडकते व अडकलेल्या हवेपाशी धातू तापतो. हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास तो सैल ठेवावा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करावा. मोटारीत हीटर असल्यास तो पूर्ण गरमवर ठेवावा, म्हणजे त्याच्या नळ्याही भरतात. मग झाकण उघडे ठेवून थंड इंजिन चालू करावे. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, त्या वेळी भर घालून झाकण लावावे. हे करताना तोंड रेडिएटरवर आणू नये. बाजूच्या बाटलीतील पातळी खालच्या व वरच्या खुणेच्या मध्ये ठेवावी. झाकणाचे रबर कडक झाले असल्यास झाकण नवे घ्यावे, मात्र त्यावरील दाबाचा आकडा पूर्वीचाच असावा.

काढलेल्या द्रवाची व्यवस्था

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आहे आणि ते विष आहे. प्रौढ माणसाला साधारण 100 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप, प्राणघातक ठरू शकतो; मांजराला चहाचा एक चमचा पुरतो. कुत्री, कोंबड्या, वासरे यांनाही घमेल्यातील हा रंगीत गोड द्रव बाधतो. मुंबईत 1986 साली याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉल औषधी ग्लिसरीनमध्ये मिसळले गेल्याने एका मोठ्या रुग्णालयातील 14 रुग्ण दगावले होते. पोटात गेल्यावर प्रथम माणूस दारू प्याल्यासारखा वागतो, पुढे काही तासांत त्याला बरे वाटल्याचा भासही होऊ शकतो. परंतु शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल तयार होऊन त्याचे खडे मूत्रपिंडात बसतात. म्हणून कोणी तो प्याल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता डब्यासह रुग्णालय गाठावे. वेळेवर दिल्यास यावर उतारा आहे. जनावराच्या बाबतीत पशुवैद्यकास तसेच तातडीने बोलवावे.

सबब, द्रव काढताना घमेले एक क्षणही उघडे सोडून जाऊ नये व मुले-जनावरे दूर ठेवावीत. काढलेला द्रव आणि पहिल्या धुण्याचे पाणी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ असे लिहावे. पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत ते कधीही भरू नये. ओढ्यात, विहिरीजवळ, गोठ्याच्या नालीत किंवा बांधावर ओतू नये. जुन्या इंजिनतेलातही मिसळू नये, कारण त्याने तेलही वाया जाते. ज्या सेवाकेंद्रात ट्रॅक्टरची देखभाल होते, तेथे वापरलेला कूलंट स्वीकारतात काय हे द्रव काढण्यापूर्वीच विचारून ठेवावे. जमिनीवर सांडलेल्या द्रवावर माती टाकून ती माती उचलावी व जागा भरपूर पाण्याने धुवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. अडकलेली हवा निघाल्याने ती थोडी उतरलेली असते, तेवढी भर त्याच प्रमाणाच्या मिश्रणाने घालावी. आठवडाभर रोज तोट्या व क्लिपा यांखाली ओल आहे का ते पाहावे. बदलल्याची तारीख, कामाचे तास आणि कूलंटाची जात ऑइलपेंटने रेडिएटरजवळच्या पत्र्यावर लिहून ठेवावी, म्हणजे ट्रॅक्टर चालविण्यास दुसरा कोणी बसला तरी बादली उचलण्यापूर्वी त्याच्या दृष्टीस ती पडेल.